ऐंशीच्या दशकावरची फिर्याद

हिंदी चित्रपटसंगीतावर मराठीत भरभरून लिहिलं गेलं आहे. मात्र १९८० ते १९८९ या दहा वर्षांच्या वाट्याला त्यातलं बहुधा एकच वाक्य येतं: तेव्हा सगळं बिघडलं. 'हिम्मतवाला', 'मवाली', 'तोहफा', 'डिस्को डान्सर' एवढी नावं पुरावा म्हणून पुढे केली जातात आणि खटला निकाली निघतो. तो पुन्हा चालवावा असं मला वाटतं, आणि आपल्याकडच्या जुन्या रीतीनं चालवावा. ज्याचं म्हणणं खोडायचं, त्याचं म्हणणं आधी पूर्ण ताकदीनं मांडायचं, मग उत्तर द्यायचं. पुढे उत्तरपक्ष म्हणून बोलतो तो मी. पूर्वपक्षाला मी कुठेही सौम्य केलेलं नाही, आणि त्याचं सगळंच म्हणणं मला खोडायचंही नाही.

पूर्वपक्ष: माझी फिर्याद साधी आहे. १९७५ च्या एका वर्षात मदनमोहन, सचिनदेव बर्मन आणि वसंत देसाई गेले. पुढच्या वर्षी मुकेश गेला. १९८० मध्ये जुलैत मोहम्मद रफी आणि ऑक्टोबरात साहिर. जी माणसं उरली, त्यांना नव्या बाजारात जागा राहिली नाही. त्यांच्या जागी काय आलं? १९८३ चा 'हिम्मतवाला' घ्या. मद्रास-हैदराबादकडच्या तेलुगू चित्रपटाचा रीमेक, समुद्रकिनाऱ्यावर मांडलेल्या घागरी, पांढऱ्या बुटातला नायक, आणि शब्द असे की छापील पानावर नुसते वाचले तर लिहिणाऱ्याचीच कीव यावी. त्या यशाच्या मागोमाग 'मवाली', 'जस्टिस चौधरी', 'मकसद', 'तोहफा' अशी रांग लागली. १९८६ या एका वर्षात बप्पी लाहिरींनी ३३ चित्रपटांसाठी १८० हून अधिक गाणी केली आणि त्याचा विक्रम म्हणून गौरव झाला. दर दोन दिवसांना एक गाणं! नौशाद वर्षाकाठी एखाद-दोन चित्रपट हाती घेत. गाणं हा उत्पादनाच्या आकड्याचा विषय झाला तो या दशकात. त्यावर पुन्हा चर्चा करण्यासारखं मला काही दिसत नाही.

उत्तरपक्ष: तुमच्या या एका फिर्यादीत निदान चार फिर्यादी आहेत, आणि त्या एकमेकींच्या आधारानं उभ्या आहेत. पहिली आवाजाबद्दल आहे: सिंथेसायझर, ड्रम, डिस्कोचा ठेका. दुसरी चाली उचलण्याची. तिसरी घाईची. चौथी शब्दांची, म्हणजे त्या शब्दांतून स्त्रीकडे आणि ऐकणाऱ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं जातं तिची. चारही एकदम बोलल्या की दशक दोषी वाटतं. वेगळ्या करून पाहिल्या तर पहिली टिकत नाही, दुसरी याच दशकावर ठेवता येत नाही, तिसरीचं कारण संगीतकाराच्या खोलीबाहेर सापडतं. चौथी मात्र टिकते, आणि फार गंभीरपणे टिकते. पण पहिल्या तिघींच्या गर्दीत आपण तिच्याकडे नीट पाहतच नाही. माझी खरी तक्रार हीच आहे.

आवाजाची फिर्याद आधी घेतो, कारण ती सर्वांत जुनी आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीतावर मनापासून प्रेम करणारा. चित्रपटगीतं उथळ होत चालली आहेत, पाश्चात्त्य नकलेनं भरली आहेत आणि लोकांची अभिरुची बिघडवत आहेत, असं त्यांचं ठाम मत होतं. आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, डिसेंबर १९५२ पासून अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' घराघरांत पोचली, आणि अखेर १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. आता तारखा पाहा. केसकरांना बिघडलेली वाटत होती ती कोणती गाणी? 'अनारकली', 'टॅक्सी ड्रायव्हर', 'श्री ४२०', 'सीआयडी' यांच्या काळातली. ज्या दशकाला आज आपण सुवर्णयुग म्हणतो, त्या दशकाच्या ऐन मध्यावर एका सुसंस्कृत, जाणकार माणसाला ते पतनाचं युग वाटत होतं. आणि त्याचे आक्षेप तुमच्याच शब्दांत होते: परकी वाद्यं, परका ठेका, उथळ शब्द.

त्यांना खटकणारा तो पाश्चात्त्य आवाज आणला कोणी, तर आपल्याच माणसांनी. सी. रामचंद्रांनी 'शहनाई' आणि 'अलबेला' मध्ये जाझ, रुम्बा, बोंगो आणले. 'अलबेला' मध्ये त्यांच्या साथीला चिक चॉकलेट होते, हळदोण्याचे गोमंतकीय ट्रम्पेटवादक. शंकर-जयकिशन यांच्या भव्य वाद्यमेळामागे सेबॅस्टियन डिसोझा यांची अरेंजमेंट होती, आणि प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. चर्चमध्ये स्वरलिपी शिकलेल्या या गोमंतकीय वादकांशिवाय सुवर्णयुगाचा आवाज उभाच राहिला नसता. १९५१ चं ट्रम्पेट आज आपल्याला 'आपलं' वाटतं, कारण त्याला सत्तर वर्षं लोटली आहेत. १९८२ च्या सिंथेसायझरला अजून तेवढा अवधी मिळालेला नाही.

पूर्वपक्ष: ही तुलना मला मान्य नाही. चिक चॉकलेट ट्रम्पेटमध्ये स्वतःचा श्वास फुंकत होते. शंभर वादकांचा मेळ बसवायला अरेंजर लागत असे, तालमी लागत, चुकलं तर सगळं पहिल्यापासून. यंत्रावर बटण दाबून निघालेल्या ठेक्याला त्या परंपरेत बसवणं म्हणजे पन्नास वर्षांच्या कष्टांचा अपमान आहे.

उत्तरपक्ष: त्या कष्टांबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे. पण ऐंशीच्या दशकातली डिस्को गाणी बटण दाबून निघाली, हे वस्तुस्थितीला धरून नाही. मुंबईच्या स्टुडिओंतून त्या काळातही वादकांची मोठी फळी बसत होती. सिंथेसायझर आला तो त्यांच्यात बसला. त्यांची जागा यंत्रानं मोठ्या प्रमाणावर घेतली ती नव्वदच्या दशकात. आणि यंत्र वाजवणाराही वादकच असतो. चरणजित सिंग यांचं उदाहरण घ्या. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षं वाजवलेला हा माणूस. त्यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीची तेव्हा अगदी नवी असलेली यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि त्याची तबकडी काढली. कोणी लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा पाश्चात्त्य जाणकार थक्क झाले, कारण ज्या नृत्यसंगीताचा जन्म शिकागोत ऐंशीच्या मध्यानंतर झाला असं ते धरून चालले होते, त्याच्याशी विलक्षण साम्य असलेला आवाज मुंबईत आधीच वाजून गेला होता. मालकंस किंवा भैरवला त्या यंत्रातून बाहेर काढायचं तर राग अंगात मुरलेला असावा लागतो.

'डिस्को डान्सर' चंही तेच. हा चित्रपट सोव्हिएत संघात सहा कोटींच्या आसपास तिकिटांवर पाहिला गेला. लोकप्रियता म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे मी तुमच्या आधी म्हणतो. पण त्यातल्या पार्वती खान यांनी गायलेल्या गाण्याचा पुनरवतार लंडनच्या एम. आय. ए. या गायिकेनं २००७ मध्ये तिच्या 'काला' या अल्बममध्ये केला, तो केवळ गंमत म्हणून नव्हे. तिला त्या आवाजात रचना दिसली. १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटातलं बप्पी लाहिरींचं एक गाणं इथे फारसं कोणाच्या लक्षातही नव्हतं. २००२ मध्ये अमेरिकेत एका गाजलेल्या गाण्यात लता मंगेशकरांच्या आवाजासह त्याचा मोठा तुकडा न विचारता वापरला गेला. लाहिरी कोर्टात गेले, आणि त्यांचं श्रेय छापल्याशिवाय ते गाणं असलेला अल्बम विकू नये असा आदेश मिळवला. ज्याच्यावर आपण चोरीचा शिक्का मारला, त्याच्याकडून चोरण्यासारखंही काही होतं.

चोरीच्या फिर्यादीवर फार वेळ घालवायला नको. 'डिस्को डान्सर' ची चाल फ्रेंच ओतावाँकडून आली, हे खरं आहे. 'समाधी' ची एक चाल एडमंडो रॉसकडून आली, 'सीआयडी' ची अमेरिकन लोकगीतातून, 'छाया' ची मोझार्टच्या चाळीसाव्या सिंफनीतून, हेही तितकंच खरं आहे. 'छाया' चे संगीतकार सलील चौधरी यांनी मोझार्टचं जे केलं ते अधिक सुंदर आहे, हे मी मान्य करतो. पण तो सौंदर्याचा निवाडा झाला, प्रामाणिकपणाचा नव्हे. चाल उचलणं हा गुन्हा मानायचा तर तो सर्वांवर सारखाच लावावा लागेल.

पूर्वपक्ष: ठीक, आवाज सोडतो, चोरीही सोडतो. पण तुम्ही स्वतःच ज्या गीतमालेचं नाव घेतलंत तिच्याकडे बघा. १९५३ च्या वार्षिक यादीत पहिल्या क्रमांकावर 'अनारकली' चं गाणं, १९५४ मध्ये 'टॅक्सी ड्रायव्हर' चं. सी. रामचंद्र आणि लता, सचिनदा आणि साहिर. याचा अर्थ असा की त्या काळी जे उत्तम होतं तेच लोकप्रियही होतं. पानवाल्याच्या रेडिओवर जे वाजे तेच प्राध्यापकाच्या घरी वाजे. ऐंशीच्या दशकात 'उमराव जान', 'बाजार', 'अर्थ', 'इजाजत' झाले, हे तुम्ही मला सांगणारच. झाले. पण ते एका बाजूला, आणि 'तोहफा' दुसऱ्या बाजूला. ही फाळणी आधी नव्हती. माझं दुःख त्या फाळणीचं आहे.

उत्तरपक्ष: या ठिकाणी तुमचं म्हणणं मला पटतं, आणि माझ्या मते त्या दशकाबद्दलचं हेच सर्वांत खरं विधान आहे. त्यात दोनच दुरुस्त्या सुचवतो. पन्नाशीतलं जे उत्तम ते आपल्याला आठवतं, आणि सुमार होतं त्याची आठवणच पुसली गेली आहे. वर्षाला शंभरावर हिंदी चित्रपट, प्रत्येकात सात-आठ गाणी, म्हणजे दहा वर्षांत सात-आठ हजार गाणी. कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी प्रचंड मेहनतीनं सिद्ध केलेला 'हिंदी फिल्म गीत कोश' उघडा. पानामागून पानं अशी जातात की एकही मुखडा ओळखीचा लागत नाही. सुवर्णयुगाच्या कट्टर भक्ताला त्यातली पाचशे गाणी आठवली तरी पुष्कळ झालं. ऐंशीचं दशक अजून तसं चाळलं गेलेलं नाही. त्यातली वाईट गाणी आपण दूरदर्शनवर, लग्नाच्या बँडवर, एसटी स्टँडच्या टपऱ्यांवर ऐकली आहेत. ती विसरायची संधीच आपल्याला मिळाली नाही.

दुसरी दुरुस्ती त्याच गीतमालेच्या यादीतून. १९८३ चं अव्वल गाणं 'सौतन' चं, उषा खन्नांचं. १९८५ चं 'राम तेरी गंगा मैली' चं, रवींद्र जैन यांचं. १९८७ चं 'नाम' चं, पंकज उधास यांनी गायलेलं, परदेशी गेलेल्या मुलाला घरून आलेल्या पत्राबद्दलचं. १९८८ चं 'कयामत से कयामत तक' चं. यांतलं एकही 'हिम्मतवाला' च्या घराण्यातलं नाही. दशकाचा चेहरा म्हणून आपण जी गाणी मिरवतो किंवा हिणवतो, ती खूप वाजली, पण दशकाची आवड तेवढीच नव्हती.

तरीही फाळणी झाली, हे उरतंच. ती कशी झाली ते समजून घेतलं तर घाईची फिर्यादही उलगडते. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या निमित्तानं रंगीत दूरदर्शन आलं, पाठोपाठ व्हीसीआर आणि व्हिडिओ कॅसेट भाड्यानं देणारी दुकानं. नवा चित्रपट प्रदर्शित होताच त्याची चोरटी कॅसेट मोहल्ल्यात पोचू लागली. मध्यमवर्गीय कुटुंब थिएटरातून उठलं आणि घरी जाऊन बसलं. थिएटरात उरला तो मुख्यतः तरुण पुरुष प्रेक्षक. पन्नाशीतलं गाणं एका मोठ्या पंगतीसाठी रांधलेलं होतं. आजी, नातू, सून, गडी, सगळे तिथेच जेवायचे, म्हणून त्याला सगळ्यांना पचेल असंच व्हावं लागे. आता पंगतच उठली. निर्मात्याला एकाच प्रेक्षकाच्या भुकेचा अंदाज घ्यायचा होता, तोही चोरटी कॅसेट बाहेर येण्याआधीच्या पहिल्या आठवड्यात. दोन दिवसांत एक गाणं ही मागणी तिथून आली. लाहिरींनी ती पुरवली, म्हणून आपण त्यांनाच कारण समजतो.

पुरावा पाहायचा तर माणसं तीच आहेत, याकडे पाहा. 'हिम्मतवाला' आणि 'तोहफा' ची गाणी लिहिणारे इंदीवर म्हणजे 'सरस्वतीचंद्र', 'अनोखी रात' आणि 'सफर' चे इंदीवर. आशा भोसले यांनी 'उमराव जान' साठी आणि 'इजाजत' साठी राष्ट्रीय पुरस्कार घेतले ते याच दशकात, आणि 'हिम्मतवाला' ची गाणी गाणाऱ्या आशाबाईही त्याच. बप्पी लाहिरींनी १९८५ च्या 'ऐतबार' मध्ये हसन कमाल यांच्या शब्दांना दिलेली गझलची चाल ऐकली, तर अंगावर येणारा तो डिस्को ठेका याच हातानं बांधला यावर विश्वास बसू नये. प्रतिभा कुठे गेली नव्हती. तिला कोणासमोर उभं केलं जातं, यानं फरक पडत होता.

आणि जी मंडळी पंगतीतून उठली, त्यांनी उपास केला नाही. त्यांना कॅसेट मिळाली. १९८० च्या आधी तबकड्यांच्या व्यवसायात ग्रामोफोन कंपनीची, म्हणजे एचएमव्हीची, जवळजवळ मक्तेदारी होती. कॅसेटनं ती मोडली. गुलशनकुमारांनी १९८३ मध्ये सुपर कॅसेट्स काढली. अमेरिकन संशोधक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये उत्तर भारतातल्या या कॅसेटयुगावर एक आख्खा ग्रंथ लिहिला. त्यांचं एक महत्त्वाचं निरीक्षण असं की ध्वनिमुद्रण स्वस्त झाल्यामुळे ज्यांची बोली, ज्यांची भजनं, ज्यांची लोकगीतं मोठ्या कंपनीला कधी फायद्याची वाटली नव्हती, त्यांना पहिल्यांदा बाजार मिळाला. महाराष्ट्रात हे आपल्या डोळ्यांदेखत घडलं. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीतं आणि भीमगीतं, कोळीगीतं, लावण्या, कव्वाल्यांचे मुकाबले, भावगीतं आणि जगजित-चित्रांच्या गझला, हे सगळं एकाच यंत्रातून, वेगवेगळ्या घरांत. चित्रपटगीताची फाळणी झाली, हे तुमचं दुःख. पण त्या मोठ्या पंगतीतही सर्वांना जागा नव्हती, हे कॅसेटनं दाखवून दिलं. भीमगीताला गीतमालेत कधी स्थान होतं?

पूर्वपक्ष: आता तुम्ही मला जातिवर्गाच्या पिंजऱ्यात उभं करता आहात. माझ्या आवडीनिवडीला भद्र लोकांचा अहंकार म्हणायचं आणि प्रश्न संपवायचा. आनंद शिंदे यांचं नव्या पोपटाचं गाणं कॅसेटवरून घरोघर गाजलं तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली, हे खरं. पण 'तोहफा' कोणी गावकुसाबाहेरच्या शाहिरानं काढला नव्हता. मोठ्या भांडवलाच्या निर्मात्यांनी, मोठ्या स्टुडिओंत, मोठ्या नटांना घेऊन, कष्टकरी माणसाला हेच आवडतं असं गृहीत धरून तो बनवला. या दोहोंना एकाच 'लोकांची आवड' या नावाखाली तुम्ही कसे घालता?

उत्तरपक्ष: घालत नाही, आणि तुम्ही केलेला हा भेद मी जसाच्या तसा स्वीकारतो. आनंद शिंदे यांचं गाणं ज्यांच्यासाठी होतं, त्यांच्यातूनच ते आलं होतं. गाणाऱ्याला आपला श्रोता ठाऊक होता, त्याच्याच वस्तीतला होता, त्याच्याशी त्याची थट्टा चालत होती. त्या थट्टेत चावटपणा आहे, पण तमाशाच्या आणि सवाल-जवाबाच्या परंपरेतला, जिथे समोरच्यालाही उलटून बोलता येतं. 'हिम्मतवाला' च्या घराण्यातल्या पुष्कळ गाण्यांना अशी समोरासमोरची ओळख नाही. बनवणाऱ्याचा श्रोता त्याच्या डोक्यातच जन्माला येतो, आणि बनवणारा त्याला स्वतःहून खालचा समजतो. माझ्या लेखी वाईट गाण्याची हीच खूण आहे. आपण जे बनवतो ते आपण स्वतः घरी ऐकणार नाही, पण 'त्यांना' चालेल, असा तो हिशेब असतो.

ही खूण लावली की याद्या बदलतात. निरर्थक शब्द हा दोष राहत नाही, कारण सी. रामचंद्रांनी १९५७ च्या 'आशा' मध्ये निरर्थक अक्षरांचं अवघं गाणं बांधलं आणि किशोरकुमारनं ते जीव ओतून गायलं. अंकांचा पाढा वापरणंही दोष राहत नाही. १९८८ च्या 'तेजाब' मध्ये जावेद अख्तर यांनी तारखांवर विरहाचं गाणं रचलं, लक्ष्मीकांत-प्यारेलालनी त्याला पंधरा दिवस वाजत राहील असा जोम दिला, आणि सरोज खान यांच्या नृत्यरचनेमुळे फिल्मफेअरनं नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कारच सुरू केला. गावरान चाल हा तर मुळीच दोष नाही. दादा कोंडके यांच्या 'पांडू हवालदार' ला चाली देणारे नागपूरचे विजय पाटील, म्हणजे रामलक्ष्मण. पांढरपेशा घरांत ज्या गाण्यांचं नाव काढायची चोरी होती, त्यांचा संगीतकार. त्याच माणसानं १९८९ मध्ये 'मैंने प्यार किया' ला संगीत दिलं, ती गाणी त्या पांढरपेशा घरांतल्या प्रत्येक लग्नात वाजली, आणि त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पुरस्काराच्या आधी आणि नंतर माणूस तोच होता, आणि दोन्ही ठिकाणी त्याला आपला श्रोता माहीत होता.

पूर्वपक्ष: मग शेवटचं विचारतो. चौथी फिर्याद टिकते असं तुम्ही सुरुवातीलाच म्हणालात. त्या शब्दांत बाई म्हणजे वस्तू. कधी तिची लाकडाच्या खांबाशी तुलना, कधी नुसते सुस्कारे, कधी तिच्या नकाराची मजा. हे सगळं तुम्ही बाजारावर, व्हीसीआरवर, पहिल्या आठवड्याच्या गल्ल्यावर ढकलणार का? तसं केलंत तर लिहिणारा सुटतो, गाणारा सुटतो, चाल देणारा सुटतो. आणि ते शब्द ऐकत ज्या मुली त्या काळी रस्त्यावरून, कॉलेजच्या आवारातून चालत गेल्या, ज्यांच्या मागून तीच गाणी म्हटली गेली, त्यांना उत्तर कोणी द्यायचं?

उत्तरपक्ष: नाही, ते मी बाजारावर ढकलणार नाही. मुलीचा पाठलाग करणारा नायक साठच्या दशकातही होता, शम्मी कपूरच्या कितीतरी गाण्यांत आहे, आणि तिथेही तो तपासला पाहिजे. पण तिथे बहुतेक वेळा नायिकेला तिचं कडवं असतं. ती रागावते, टोमणा मारते, कधी उलट त्याची फजिती करते. ऐंशीच्या ज्या गाण्यांबद्दल तुम्ही बोलता, त्यांत तिला दिलेल्या ओळी त्याच्याच ओळींचा प्रतिध्वनी असतात. तिचं असं काहीच म्हणणं नसतं. हा ठेक्याचा दोष नाही, यंत्राचा नाही, चोरलेल्या चालीचाही नाही. लेखणी हातात घेतलेल्या माणसानं केलेली ती निवड आहे. आपण वर्षानुवर्षं सिंथेसायझरला शिव्या घातल्या, कारण शब्दांबद्दल बोललो असतो तर आपल्या आवडत्या काळातले शब्दही तपासावे लागले असते.

आणि त्या बाजारात दुसरी निवड शक्यच नव्हती, असं म्हणायला जागा नाही. एप्रिल १९८८ मध्ये 'कयामत से कयामत तक' आला. दिग्दर्शक नवा, नायक-नायिका जवळजवळ नवे, संगीतकार आनंद-मिलिंद, म्हणजे चित्रगुप्तांची मुलं, तीही तरुण. कॅसेट टी-सिरीजची. प्रेक्षक तोच, कॉलेजातला मुलगा, ज्याच्या नावावर एवढी वर्षं वाटेल ते खपवलं जात होतं. गाणी लिहायला बोलावलं ते मजरूह सुलतानपुरींना. त्यांचा जन्म १९१९ चा, म्हणजे वय अडुसष्ट. सैगलच्या 'शाहजहान' पासून लिहीत आलेल्या या शायरानं अठरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी निरोपसमारंभाचं गाणं घातलं: बापाच्या अपेक्षा, स्वतःबद्दलची अनिश्चितता, साधे शब्द. त्याच चित्रपटाच्या युगुलगीतांत मुलीच्या वाट्याला तिचं स्वतःचं बोलणं आहे, तिची भीतीही आहे आणि तिचा हट्टही. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला अठरा वर्षांचा श्रोता आपल्याहून खालचा वाटला नाही. निरोपसमारंभाचं ते गाणं गीतमालेच्या त्या वर्षीच्या यादीत पहिलं आलं. इंदीवर तेव्हा चौसष्टीच्या आसपास होते, लेखणी मजरूहांच्याच तोडीची होती, आणि 'सफर' ची गाणी त्यांच्या नावावर होती.